चोंबडी की घुमी

१

दर रविवारी सकाळी घरातून निघण्याआधी बाबांचा पाय वाजवायची आमची पद्धत होती.

बाबा दाराजवळच्या खुर्चीवर बसून उजवा पाय लांब करायचे. मी मेटल डिटेक्टर चालू करून त्यांच्या मांडीवरून फिरवायचे, आणि मशीन ओरडलं की बाबा म्हणायचे, "चला, दोघंही चालू आहेत!" खुब्यापासून गुडघ्यापर्यंत त्यांच्या हाडात पोलादी सळई होती. बत्तीस वर्षं कारखान्यात लेथ चालवली, आणि निवृत्तीला सात महिने उरलेले असताना रॅकवरचा जाड दांडा घसरून मांडीवर पडला. डॉक्टर म्हणाले, मऊ जमिनीवर रोज चाला. पण काही कारण नसताना चालणं म्हणजे बाबांना शिक्षा. मग हा छंद लागला. पडीक जागी फिरायचं, जमिनीत काय वाजतंय ते बघायचं, खुरप्याने उकरायचं. नाणी, बटणं, तुटके बिल्ले. तीन वर्षांचं हे सगळं गुप्तधन आईने चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवलं होतं, आणि डबा अजून अर्धासुद्धा भरला नव्हता.

"वारस निघाले," आम्ही बूट घालायला लागलो की आई आतून ओरडायची. "येताना राजवाडा घेऊन या. नाहीतर निदान पाव आणा."

आई ओरडूनच बोलायची, कारण लेथने बाबांचे कान खाल्ले होते. बारीक, चिरका आवाज त्यांना ऐकूच यायचा नाही. "अहो!" ही आईची हाक खालच्या मजल्यावरचे काका ऐकायचे आणि कधी कधी गंमत म्हणून "ओ" द्यायचे.

कानांचं मला जरा जास्त कळतं. मी कानांच्या दवाखान्यात काम करते. लोकांना काचेच्या बंद खोलीत बसवायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, ऐकू आलं की दाबा. पदवी घेऊन पाच वर्षं मी हेच करते आहे. या कामाला शांत माणूस लागतो, आणि मी तशी नाही. दाराची कडी पडली तरी मी दचकते. बाबा मला भागूबाई म्हणायचे, भित्री भागूबाईतली. तेव्हा पुढे जे सांगते आहे, ते एका घाबरट मुलीने सांगितलंय हे धरूनच वाचा. मीही स्वतःला तेच सांगून बघितलं.

जुन्या जड मशीनने बाबांचा खांदा धरला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात दोन किलोचा दांडा, कोणाचाही धरेल. म्हणून दुकानदाराने दोन हलकी मशीनं दिली. "पंधरा दिवस दोन्ही वाजवून बघा," तो म्हणाला. "जे पटेल ते ठेवा, दुसरं आणून द्या."

बाबांनी घरी येईपर्यंत दोघींची बारशी उरकली होती. पहिली चोंबडी. खिळा असो, पत्रा असो, बाटलीचं झाकण असो, ती सगळं सांगायची. लोखंडाला खालच्या सुरात डुरडुर करायची, आणि पडद्यावर आकडा यायचा. बाबांचा पाय एकवीस. दुसरी घुमी. ती दीडशे ग्रॅमने हलकी आणि दिसायला देखणी. पण लोखंड-पोलाद ती मुळात ऐकायचीच नाही, तांबं-पितळ असलं तर बारीक आवाजात टिंग करायची, आणि हे तिचं वागणं बदलायची सोय नव्हती.

पहिल्या रविवारी मी घुमी बाबांच्या मांडीवरून फिरवली. हूं नाही की चूं नाही.

"बघ," बाबा म्हणाले, "हिच्या लेखी मी धडधाकट आहे."

माझं मत चोंबडीला होतं. घुमीची टिंग बाबांच्या कानाला कळणारच नव्हती, मशीन घेऊन मग करायचं काय? चोंबडीची डुरडुर त्यांना नीट ऐकू यायची. बाबांचंही मत चोंबडीलाच होतं. "बोलकं माणूस बरं," ते म्हणाले. आई म्हणाली, खांद्याचा विचार करा, हलकं ते घ्या. म्हणजे घरात दोन विरुद्ध एक.

२

दुसऱ्या रविवारी आम्ही तोडलेल्या फळबागेत गेलो. झाडं कापून बुंधे उपटलेले, जिकडेतिकडे खड्डे. मालक ओळखीचे होते. त्यांची एकच अट होती, की तुम्ही खणलेला खड्डा तुम्हीच बुजवायचा. कडेला अवजारांची पत्र्याची शेड होती, आणि शेडमागे न खणलेल्या गवताळ जमिनीचा एक पट्टा.

निघताना पाय वाजवला होता. एकवीस. हे मला पक्कं आठवतं, कारण आई म्हणाली होती, "माझ्या पाठीवरून पण फिरवा, तिथेही काहीतरी करकरतं."

दहाच्या सुमाराला बाबा चोंबडी घेऊन शेडमागे गेले. ऊन चांगलं लख्ख होतं. मी इकडे घुमी फिरवत होते. शेडपलीकडून चोंबडीची डुरडुर येत होती, पत्र्याजवळ ती वेड्यासारखीच करायची. मग ती थांबली. मला वाटलं, उकरायला बसले असतील. खाली बसायला त्यांना वेळ लागतो, उठायला त्याहून जास्त. मी मनातल्या मनात आकडे मोजायला लागले, ही माझी सवयच आहे. चारशेपर्यंत गेले असेन, तेवढ्यात घुमी माझ्या हातात टिंग वाजली.

"हिचा आवाज किती गोड आहे!"

बाबा शेडच्या कोपऱ्याशी उभे होते. काखेत काठी, हातात चोंबडी, गुडघ्यांना माती. माझ्यापासून तीसेक पावलांवर.

मला इतका आनंद झाला! खरंच सांगते, पहिल्यांदा आनंदच झाला. मी हसून म्हटलं, "ऐकू आलं तुम्हाला?"

"न यायला काय झालं?" ते म्हणाले.

घुमीखाली एक पितळी बटण निघालं. ते मी खिशात टाकलं. येताना गाडीच्या जरा अलीकडे बाबा एका उपटलेल्या बुंध्यावर टेकले, मी चोंबडी उचलली आणि गमतीत त्यांच्या पायावरून फिरवली. जाताना वाजवलेला पाय येतानाही वाजवायचा असतो, बॅटरी किती राहिली ते कळतं.

चोंबडी गप्प.

मी परत फिरवली. खुब्यापासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून खुब्यापर्यंत. डावा पाय, मग पुन्हा उजवा. पडद्यावर नुसत्या दोन आडव्या रेघा.

"बॅटरी उतरली असेल," बाबा म्हणाले.

मी मशीन गाडीच्या दाराकडे नेलं. ते असं किंचाळलं, की माझ्या हातातून सुटलंच.

"भागूबाई," बाबा हसले, आणि वाकून त्यांनी ते मला उचलून दिलं. किती सहज वाकले.

३

सोमवारी दवाखान्यात जाण्याआधी मी स्वयंपाकघराच्या टेबलावर मशीनची माहितीपुस्तिका उघडून बसले. माझं डोकं असंच चालतं. भीती वाटली की मी सूचना वाचायला घेते. डाव, सुरी, उशीखाली ठेवलेली पक्कड, सगळ्यांवर मी चोंबडी फिरवली. दोन उशांच्या खालची पक्कडसुद्धा तिने सांगितली. उशी बाबांच्या मांडीहून जाड होती.

दुकानदाराला फोन लावला.

"ताई, चोंबडी कोण?" तो म्हणाला. मी सांगितल्यावर तो पोट धरून हसला. मग म्हणाला, "हे बघा, ही मशीनं हलवल्याशिवाय बोलत नाहीत. तुम्ही स्थिर धरलं असेल. एक तर मशीन हललं पाहिजे, नाहीतर खालची वस्तू. दोन्ही स्थिर असतील, तर सोन्याच्या विटेवर ठेवा, ते गप्पच बसणार."

"मी हलवत होते."

"मग सळई काढली असेल!" पुन्हा हसला. "अहो, गंमत केली. आणा इकडे, बघतो."

फोन ठेवून मी वळले तर बाबा दारात उभे. "काय म्हणतोय तो?"

फोनवर मी कुजबुजत बोलत होते. आई न्हाणीघरात होती, नळ चालू होता.

"काही नाही," मी म्हटलं. "मशीनबद्दल."

"घुमीच ठेवूया," बाबा म्हणाले. "ती दुसरी उगाच बडबड करते."

४

मंगळवारी मी त्यांना दवाखान्यात बोलावलं. वर्षातून एकदा तपासणी करतोच, कारण शोधावं लागलं नाही. मोठ्या मॅडम बाहेरगावी होत्या, यंत्रावर मी एकटीच.

बाबांच्या कानांचा आलेख मला तोंडपाठ होता. डावीकडून सरळ येतो आणि वरच्या सुरांना लागला की खड्ड्यात पडतो. कारखान्यातल्या माणसांचा असतो तसाच. या खड्ड्यातून कोणी वर येत नाही. आतली नस मेली की मेली, असं मी आठवड्यातून दहा जणांना सांगते, आणि त्यातले दोघं तरी रडतात.

काचेच्या खोलीतली खुर्ची कडेला तोंड करून ठेवलेली असते. पेशंटला आमचे हात दिसू नयेत म्हणून. बाबा बसले, बटण मुठीत धरलं. पेशंटने बटण दाबलं की माझ्यासमोर यंत्रावर दिवा लागतो. मी खालच्या सुरापासून सुरुवात केली. दिवा लागला. वरचा सूर, दिवा लागला. त्याच्या वरचा, अगदी बारीक करून, दिवा लागला. खड्डा नव्हताच. कागदावर पट्टीने ओढल्यासारखी सरळ रेघ.

विसाव्या की एकविसाव्या सुराला माझ्या लक्षात आलं, की दिवा आधी लागतो आहे.

काही पेशंटना ठेका सापडतो, ते अंदाजाने दाबतात. अशा वेळी ठेका मोडायचा असतो. मी मोडला. दोन सेकंद थांबले, मग नऊ, मग एक. प्रत्येक वेळी माझं बोट सूर सोडायच्या कळीवर टेकायच्या आत समोरचा दिवा लागला. मग मी दाबायला म्हणून बोट कळीवर नेलं आणि ऐनवेळी दाबलंच नाही. दिवा लागला. दाबायचं नाही असं ठरवून बोट नेलं. दिवा लागला नाही.

काचेपलीकडे त्यांची मान सरळ भिंतीकडे होती. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"झालं का?" आतल्या माईकवरून त्यांचा आवाज आला. "दमलीस वाटतं."

मी आलेख फाईलला लावला नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवला. नंतर उघडून बघितला तेव्हाही तो तसाच होता, म्हणून सांगते.

५

बुधवारी संध्याकाळी आई भाजी चिरत होती. मी तिच्याशेजारी उभी राहिले, तोच ती म्हणाली, "तुला जे सांगायचंय ते सांगू नकोस."

"आई, बाबांचा पाय..."

"पाय काय? दुखत नाही त्यांचा. तीन वर्षांत पहिल्यांदा रात्रभर झोपले." ती हळू बोलत होती. तोपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं, की चार दिवसांत आई एकदाही ओरडली नव्हती. "बत्तीस वर्षं मी या घरात घसा फोडलाय. मीठ द्या म्हणायचं, तरी गल्लीला कळायचं. परवा मी मनाशी पुटपुटले, जरा गार झालंय, तर शाल आणून दिली. तुला काय जातंय गं? बरं वाटत असेल एखाद्या माणसाला."

"असं बरं वाटत नसतं, आई. नस मेली की..."

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही."

"मग?"

सुरी थांबली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. भाजीकडे बघत म्हणाली, "मला एवढं माहितीये, की झोपेत त्यांच्या घशातून शीळ वाजायची. लग्नापासून वाजायची. आता वाजत नाही. म्हणून मी जागी राहते आणि त्यांच्या छातीवर हात ठेवून बघते. हात वरखाली होतो. तेवढं मला पुरतं. तूही पुरवून घे."

६

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी गाडी काढली. बाग दवाखान्यापासून वीस मिनिटांवर. चोंबडी डिकीत होती.

शेडमागच्या पट्ट्यात गवत घोट्याएवढं होतं, सलग. कोणी उकरल्याची खूण कुठेच नव्हती. मला बरं वाटलं. मी मशीन चालू केलं आणि पत्र्यापासून लांब, हळूहळू डावी-उजवी करत निघाले. बारा पावलांवर डुरडुर ऐकू आली. आकडा एकवीस.

जुनं पोलाद कुठेही असतं. एकवीस आकडा अमक्याचाच, असं कुठे लिहिलेलं नाही. मी त्याची लांबी मोजली. आवाज सुरू होतो तिथे खुरपं टोचलं, संपतो तिथे चप्पल ठेवली. मधलं अंतर माझ्या हाताने दोन वीत आणि वर चार बोटं. खुब्यापासून गुडघ्यापर्यंत किती असतं, ते मी स्वतःच्या पायावर मोजून बघितलं नाही. खोली पडद्यावर तीस सेंटीमीटर दाखवत होती.

मी मशीन गवतात ठेवलं आणि खुरप्याकडे हात नेला.

मशीन वाजलं.

ते स्थिर होतं. मी हात वर घेतलेले होते. शेडचा पत्रा लांब होता, माझ्या अंगावर धातूचा कणसुद्धा नव्हता. पुन्हा वाजलं. थोडं, आणि थांबलं. कडक गादीवर कूस बदलायला जावं आणि जमू नये, तेवढंच.

"बाबा?" मी म्हटलं.

काही नाही.

माझा आवाज तोंडातल्या तोंडात होता. मग मी गवतावर आडवी झाले, तोंड जमिनीला लावलं आणि घरी मारायचो तशी पोटातून हाक मारली. "बाबा!"

वाजलं.

पुढे मी जे केलं ते सवयीने केलं, धीराने नाही. मी तपासणी घेतली. हळू हाक, काही नाही. मोठी हाक, वाजलं. चार सेकंद थांबून मोठी, वाजलं. अकरा सेकंद थांबून मोठी, वाजलं. चिरक्या आवाजात, काही नाही. प्रत्येक वेळी हाकेनंतर. एकदाही आधी नाही. अख्खा आलेख मी तिथे गवतात कान लावून काढला, खड्ड्यासकट.

मग खणायला लागले. वरची माती मुळांनी विणलेली होती. ती मुळं तुटलेली नव्हती, मला एकेक करून तोडावी लागली. तिथे कधी कोणी काही पुरलं असणं शक्यच नव्हतं. कोपरभर खणल्यावर मी खड्ड्यात मशीन धरलं. खोली तीस सेंटीमीटर. अजून एक वीत खणून धरलं. तीस.

सुट्टी संपून अर्धा तास झाला होता. मी खड्डा तसाच ठेवून दवाखान्यात आले आणि नखांतल्या मातीसकट सहा जणांचे कान तपासले.

७

शुक्रवारी मी फावडं नेलं आणि आजारी असल्याचा निरोप कळवला. आदला खड्डा बुजलेला होता. वरचं गवतसुद्धा जागच्या जागी. बाराव्या पावलावर पुन्हा सुरुवात केली.

कंबरेइतकी आत गेले. माती ओली व्हायला लागली. पडद्यावर तीस, मग पस्तीस, मग चाळीस, आणि आवाज असा, की मला कान मशीनला लावावा लागला. मी जितकी खाली, तितकं ते खाली. हातांना फोड येऊन फुटले होते. मी फावड्यावर टेकून उभी राहिले आणि ओरडले, "बाबा, मला जमत नाही! ऐकलंत का? मला खणता येत नाहीये!"

वाजलं.

ऐकलं होतं त्यांनी. त्या वाजण्याचा तेवढाच अर्थ असतो.

"काही सापडलं का, भागूबाई?"

खड्ड्याच्या काठावर ते उभे होते. काठी नव्हती. घर तिथून बसने पाऊण तासावर आहे, आणि बसथांब्यापासून चढ. मी वर बघितलं तेव्हा ऊन त्यांच्या मागे होतं, म्हणून चेहरा दिसला नाही, असं मी म्हणू शकले असते. पण दिसला. बाबांचाच होता. काळजीत पडलेला, प्रेमळ, माझ्या हातांकडे बघणारा.

त्यांनी हात देऊन मला वर काढलं. हात उबदार होता. "काय करून घेतलंस हे," ते म्हणाले. मग फावडं घेतलं आणि खड्डा बुजवायला लागले. "मालकांना शब्द दिलाय आपण."

गवतात चोंबडी वाजत होती. स्थिर ठेवलेली, आणि थांबतच नव्हती. पडणाऱ्या प्रत्येक फावड्याला एकदा. मी कानांवर हात ठेवले. ते वाकले, मशीन बंद केलं आणि पुन्हा कामाला लागले. सात-आठ मिनिटांत जमीन होती तशी झाली.

शनिवारी पंधरा दिवस संपत होते. आम्ही दोघं दोन्ही मशीनं घेऊन दुकानात गेलो. दुकानदार चहा पीत होता.

"मग ताई, कोणतं जिंकलं? चोंबडी की घुमी?"

"तिलाच विचारा," ते म्हणाले. "कानांतलं तिला कळतं." आणि खरंच दोन पावलं मागे सरकून उभे राहिले. मला कोणी भाग पाडलं असं मला म्हणता येणार नाही.

चोंबडी घेतली असती, तर सोमवारी जावं लागलं असतं. हाक मारावी लागली असती, आणि खालून बाबा वाजले असते. मंगळवारीही. रोज थोडं खोल, रोज थोडं बारीक, आणि ज्या दिवशी वाजणार नाही, त्या दिवशी त्यांना ऐकू येत नाही की मशीनची पोच संपली, हे मला कधीच कळलं नसतं. मला ते झेपलं नसतं. एवढंच. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

"घुमी," मी म्हटलं.

"हलकी आहे," दुकानदार म्हणाला. "चांगली निवड."

८

त्या संध्याकाळी ते खाली काकांकडे पत्ते खेळायला गेले. आई धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. मी दुसरं टोक धरलं आणि तिला सांगितलं. सगळं नाही. एवढंच, की शेडमागे, बाराव्या पावलावर, मोठ्याने हाक मारली की वाजतं. हळू मारली तर नाही.

तिने चादर दुमडली, पुन्हा दुमडली. "कुठलं मशीन वाजतं?"

"चोंबडी."

"मग आण ती. मी येते."

"ती आज परत केली."

आईच्या हातातलं टोक सुटलं. तिने माझ्याकडे जसं बघितलं, तसं माझ्याकडे कधी कोणी बघितलेलं नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"परत केलीस?" ती हळू म्हणाली. "वाजत होते ते, आणि तू परत केलीस?"

रविवारी सकाळी ती बूट घालून तयार होती. तीन वर्षांत एकदाही आली नव्हती. "आज मी पण," ती म्हणाली. "बसून बसून कंटाळा आला." ते खूश झाले. तिच्यासाठी गाडीचं दार त्यांनीच उघडलं.

मी तिला अडवलं. बागेच्या फाटकाशी तिचा दंड धरून म्हटलं, "आई, तिकडे नको जाऊस, मशीनशिवाय काही कळणार नाही, काही उपयोग नाही."

"तुला मशीन लागतं," आई म्हणाली. "मी त्या माणसाबरोबर बत्तीस वर्षं राहिलेय." आणि माझा हात सोडवून शेडकडे चालायला लागली.

"थांब गं, जमीन वरखाली आहे," ते म्हणाले आणि तिच्यामागून गेले. कोपऱ्याशी त्यांनी तिला आधाराला हात दिला. तिने तो घेतला नाही. दोघं पत्र्याआड गेले.

मी फाटकाशी उभी राहिले. पळत जायला हवं होतं. गेले नाही. हातात घुमी चालू होती. समोर बागभर ऊन.

"अहो!"

आईची हाक. आठवडाभर जपून ठेवलेली, घसा फाडणारी. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला एवढ्या मोठ्याने हाक मारायची गरज नसते.

"अहो! ऐकताय का?"

पुन्हा तिने सुरुवात केली, पण नुसता पहिला "अ" आला. त्याच्या पुढचं आलं नाही.

मी आकडे मोजले. चारशेच्या थोडं पुढे गेले होते.

दोघं शेडच्या कोपऱ्यावरून आले. सावकाश, हातात हात घालून. आईच्या गुडघ्यांना माती होती. जवळ आल्यावर तिने माझ्या गालाला हात लावला. हात उबदार होता.

"चल बाळ," ती म्हणाली. अगदी हळू, कुजबुजल्यासारखं. "ऊन झालं."

ते दोघं मागे बसले. मी घुमी डिकीत ठेवली, पुढे येऊन बसले, पट्टा लावला. मागे दोघंही शांतपणे वाट बघत होते. मी किल्ली फिरवली. घरीच जायचं होतं. दुसरीकडे कुठे जाणार होते मी?